डावीकडचं वळण

४ फेब्रुवारी, रविवार

पिवळी गेली. दोन महिन्यांतलं हे तिसरं विमान. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी शहाणपण शिकवायला आलं तर माझ्याकडे पुरावा असेल.

हवा शांत होती, इंजिन ठणठणीत. उडवण्याआधी पंखांच्या पट्ट्या हलवून पाहिल्या, शेपूट पाहिलं, दोन बोटांवर उचलून तोल पाहिला. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय, माझ्या हातून स्क्रू ढिला राहत नाही. पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसरीत डावीकडचं वळण घेतलं आणि विमान नाहीसं झालं. पडलं असं नाही. आभाळात होतं, आणि मग नव्हतं. परत दिसलं तेव्हा नाक खाली करून सरळ जमिनीकडे निघालं होतं. रिमोटची दांडी खेचेपर्यंत खेळ खलास.

पिवळा रंग उन्हात विरला असणार, आणि नेमका तेव्हाच सिग्नलही तुटला असणार. दुसरं काय.

कॅशियर शेजारीच उभा होता. म्हणाला, "मास्तर, जरा फार डावीकडे गेलं का?" हा बँकेत नोटा मोजणारा माणूस. खोक्यातून तयार विमानं काढतो, चार स्क्रू आवळतो आणि म्हणतो मी विमान केलं. मैदानावरच्या सगळ्यांसारखं यालाही उडवायला मीच शिकवलंय. आता हा मला डावं-उजवं सांगणार.

५ फेब्रुवारी

दुकानात लक्ष लागलं नाही. पिवळीचा रिसीव्हर तीनदा उघडला, तीनदा बंद केला. काहीही बिघाड नाही. चौथ्यांदा उघडला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी वहिनी, कप्तानची बायको, येऊन गेल्या. अकरा मार्चला त्या लेकीकडे कायमच्या राहायला जाताहेत. घर रिकामं करणं चाललंय. म्हणाल्या, "भाऊजी, त्याआधी एकदा ते उडताना दाखवाल ना? मग मी मोकळी."

ते म्हणजे कप्तानचं विमान. कप्तान पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून होता आणि खऱ्या विमानात उभ्या जन्मात कधी बसला नाही, म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. सात वर्षं तो हे एकच विमान करत होता. पंख दोन, एकावर एक, दुमजली. प्रत्येक फासळी ब्लेडने हाताने कापलेली, एकशे बारा फासळ्या. जायच्या आधी हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला होता, "तूच पुरं कर. तूच उडव. त्या खोकेवाल्याच्या हातात देऊ नकोस." बोलायला त्रास होत होता तरी खोकेवाल्याला टोमणा मारायला विसरला नाही.

सहा महिने ते माझ्या माळ्यावर आहे. इंजिन बसवलं, तारा ओढल्या. पातळ रंगीत कागद इस्त्रीने चिकटवायचा तेवढा राहिलाय. असं दुसरं होणार नाही. पडलं तर पुन्हा करणारा माणूसच नाही.

वहिनींना म्हटलं, "अकराला सकाळी नऊ वाजता. माझा शब्द." त्या गेल्यावर मात्र एका जागी बसवेना. उठून फाटकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. ही म्हणाली, "अहो, फाटक कुठे पळून जात नाही."

११ फेब्रुवारी, रविवार

आज नव्या मुलीला शिकवलं. पदार्थविज्ञान शिकवते म्हणे कॉलेजात, पण दांडी अशी धरते जणू गरम तवा. शिकवताना दोन रिमोट एका वायरने जोडतो. एक शिकणाऱ्याकडे, एक माझ्याकडे. माझ्या रिमोटवरचं बटण दाबून धरलं की विमान तिच्या हातात. बोट उचललं की माझ्या हातात. वायर माझीच, वीस वर्षं तीच वापरतोय.

एक गोष्ट इथेच लिहितो, कारण इथे कुणी वाचत नाही. पहिल्यांदा विमान उतरवताना सगळेच घाबरतात. तेव्हा मी गुपचूप बोट उचलतो आणि स्वतः उतरवतो. चाकं टेकली की पाठीवर थाप मारतो नि म्हणतो, "तूच उतरवलंस." चेहरा असा फुलतो म्हणता. मग पुढच्या खेपेला ते खरंच उतरवतात. कॅशियरचं नऊ वर्षांपूर्वी असंच केलं होतं. आपण पहिल्याच दिवशी विमान कसं उतरवलं हे तो अजून नव्या लोकांना सांगतो. मी मिशीत हसतो.

मुलीचं विमान आज मी हातात घेतलंच नाही. बटण सोडायची वेळ आली तेव्हा विमान डावीकडे होतं, आणि तिने तोवर आपलं आपणच वळवलं. हुशार आहे पोरगी.

१२ फेब्रुवारी

टीपॉयच्या कोपऱ्यावर नडगी आपटली. आठवड्यातली दुसरी वेळ. हिला स्पष्ट विचारलं, "फर्निचर का हलवतेस?" म्हणाली, "लग्न झाल्यापासून तो टीपॉय तिथेच आहे." आठवड्यापूर्वी डाव्या कोपराने कप सांडला तेव्हाही दोष माझाच. या घरात वस्तूंना कुणी काही बोलत नाही.

१५ फेब्रुवारी

चोर सापडला. मैदानाच्या कुंपणापलीकडे मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिलाय. कधी? डिसेंबरात. माझी विमानं कधी पडायला लागली? डिसेंबरात. अजून काय पाहिजे.

दुपारी दुकान बंद करून गेलो. रिमोट जमिनीवर ठेवला, विमान काखेत मारून टॉवरच्या दिशेने पावलं मोजत चालत गेलो. हिला रिमोटच्या दांड्या हलवायला सांगितलं होतं. टॉवरच्या बुडाशी जाऊनही पट्ट्या झकास हलत होत्या. जमिनीवर हलतात, पण वर हवेत वेगळंच असणार.

परतताना स्कूटरपुढे एक सायकलवाला डावीकडून भुतासारखा उगवला. थोडक्यात वाचला. त्याने मलाच आईबहिणीवरून दिल्या. ही मागे बसली होती. घरापर्यंत माझा खांदा घट्ट धरून होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

टॉवर नाही. आणखी दोघांनी आज तासभर त्याच्याच बाजूला उडवलं, काही झालं नाही. म्हणजे कॅशियर. त्याचा नवा महागाचा रिमोट माझ्या रिमोटवर कुरघोडी करत असणार. त्यात हल्ली हा माणूस सारखा माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहतो. पूर्वी असा चिकटत नव्हता. बोलतही नाही, नुसता उभा. पाळत ठेवल्यासारखा.

मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझा रिमोट बंद कर." त्याने निमूट बंद केला, बॅटरीसुद्धा काढून खिशात टाकली. मी जुनं निळं विमान चढवलं.

निळं गेलं. डावीकडच्याच वळणात. मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." कोण ते कळलं नाही, आणि कळलं असतं तर बरं झालं नसतं. कॅशियरने मोडके पंख गोळा करून डिकीत ठेवले. एवढा चांगुलपणा मला सोसत नाही.

१९ फेब्रुवारी

ही सकाळीच म्हणाली, "डोळे दाखवून या." मी म्हटलं, "बघ," आणि सगळ्यांत बारीक सुईत एका झटक्यात दोरा ओवून दाखवला. तरी पिच्छा सोडेना, म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. भिंतीवरची खालची ओळ घडाघड वाचली. त्याच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. दुकानदार म्हणाला, "या वयात अशी नजर मी पाहिली नाही." घरी येऊन हिला शब्द न् शब्द सांगितला. हिने फक्त "बरं" म्हटलं. आनंद झाल्यासारखं दिसेना.

२४ फेब्रुवारी

कप्तानच्या विमानाला कागद चढवणं सुरू. घरची इस्त्री चार दिवस माझ्या ताब्यात, त्यामुळे ही चुरगळलेल्या कपड्यात फिरतेय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगतेय. काम इतकं छान चाललंय की विसरायला होतं. फासळीवर बोट फिरवलं की कप्तानचं ब्लेड कुठे थांबलं, कुठे वळलं, सगळं कळतं. एका फासळीवर पेन्सिलने त्याने लिहिलंय, "ही चुकली. कुणाला सांगू नये." कागद लावण्याआधी मी वहिनींना बोलावून दाखवलं. हसल्या, मग तिथेच स्टुलावर बसून रडल्या. मीही रडलो.

रात्री झोप नाही. पंधरा दिवस राहिले. मी चार विमानं पाडली आहेत आणि कारण सापडलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

एक बाई मशीन घेऊन आली. टाके सुटतात, मशीन भंगार आहे, बदलून द्या, म्हणत होती. मी सुई पाहिली. उलटी बसवली होती. दहातल्या आठ मशिनींचं हेच असतं. लोक मोटर बदलतील, पट्टा बदलतील, कंपनीला शिव्या देतील, पण सुई पाहणार नाहीत, कारण सुई त्यांनी स्वतः बसवलेली असते. तिला हसत हसत दाखवलं. ती गेल्यावर मात्र हसू पुरलं नाही. दिवसभर कसलं तरी कुसळ टोचत राहिलं.

१ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

शेवटी एकच गोष्ट उरली होती, रंग. कप्तानच्या पंखांना खालून नारिंगी कागद लावलाय, तो किती लांबून दिसतो ते बघायचं ठरवलं. मैदान रिकामं होतं. मी स्टूल टाकून बसलो आणि समोर वाऱ्यासाठी कापड बांधलेला खांब आहे त्यावर नजर रोखली. हिला म्हटलं, पंख डोक्यावर धर आणि बाजूने चालत ये, मला दिसला की मी हात वर करीन. आधी ती उजवीकडून आली. चाळीस पावलांवर होती तेव्हाच दिसली. मी खूश. रंग फर्स्ट क्लास.

मग म्हटलं, आता डावीकडून. खांबाकडे बघत बसलो. बराच वेळ झाला. कापड एकदा फडफडलं, पुन्हा पडलं. मी ओरडलो, "अगं, निघ की आता."

"मी केव्हाची इथेच उभी आहे," ती म्हणाली. ओरडून नाही, घरात बोलते तशी.

मान वळवली. ती तीन पावलांवर होती. नारिंगी पंख डोक्यावर धरून, छत्री धरावी तशी, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

मी म्हटलं, पुन्हा. पाच वेळा केलं. स्टूल फिरवून बसलो, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. पाचही वेळा तेच. खांबाच्या डावीकडे काळोखसुद्धा नाही. नुसतं काही नाहीच.

मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?" ती म्हणाली, "दिवाणखान्यात मी तुमच्या डावीकडे बसले की तुम्ही मला हाका मारता, तेव्हापासून." म्हणजे गेले कित्येक महिने ही रस्त्याने माझ्या डाव्या बाजूने चालते ती त्यासाठी. मला वाटायचं हिला दुकानं बघायची असतात.

अंगण सरळच होतं. सुई मीच उलटी बसवलेली.

स्कूटर ढकलत घरी आणली. किल्ली हिच्या हातात दिली.

५ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका मशीनपुढे बसवलं. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ दिवे येईनात. मला वाटलं मशीन बिघडलं. तसं बाईंना सांगितलंही, म्हटलं उघडून बघू का. त्या म्हणाल्या, "दिवे लागताहेत, काका."

कागदावर चित्र निघालं. डावी बाजू काळी. डोळ्यातला दाब वाढून नस सुकते, मधली नजर शाबूत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याचं जास्त, उजव्याचंही सुरू झालंय. गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायला सकाळ-संध्याकाळ थेंब.

मी म्हटलं, "रविवारी एक विमान उडवायचंय." बाई हिच्याकडे बघायला लागल्या. हिने त्यांना समजावून सांगितलं कसलं विमान ते.

७ मार्च

काय काय ठरवलं नि मोडलं. वहिनींना सांगतो, सर्दी झाली. वारा फार आहे सांगतो. विमान माळ्यावरून पडलं सांगतो. एकदा तर मनात आलं, उजवीकडूनच वळत राहिलो तर? पण गोल फिरणारं विमान शेवटी डावीकडे येतंच.

कप्तानला शब्द दिलाय तूच उडव म्हणून. उडवलं तर त्याची सात वर्षं मातीत जातील, आणि तीही वहिनींच्या डोळ्यांदेखत. नाही उडवलं तर त्या बिचाऱ्या न बघताच जातील. दोन्हीकडून मेलोच. दिवसभर दुकानात तीन वेळा कुलूप लावलं नि तीन वेळा काढलं.

८ मार्च, गुरुवार

बँकेत गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर कॅशियरने काचेतून विचारलं, "भरायचे की काढायचे?" मी म्हटलं, "डोळा गेलाय माझा. डावीकडचा."

त्याने काऊंटर बंद असल्याची पाटी लावली आणि बाहेर आला. जिन्याखाली उभे राहिलो. म्हटलं, रविवारी वायर लावायची. मुख्य रिमोट तुझ्याकडे, शिकाऊ माझ्याकडे. तू बटण दाबून धरायचंस, उडवणार मी. वाटलं मी चुकतोय तर बोट उचल. कप्तानने तुझ्या हातात देऊ नकोस म्हणून सांगितलंय, हेही सांगून टाकलं. वाईट वाटेल त्याला, असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ते मला तोंडावरच म्हणायचे. खोकेवाला."

मी विचारलं, "तू माझ्या डावीकडे का उभा राहायचास?"

"काही सांगावं लागलं तर पटकन सांगता यावं म्हणून. पण मग धीर व्हायचा नाही, मास्तर."

१८ फेब्रुवारीचं पान आता फाडावंसं वाटतंय. राहू दे, वाचून लाज वाटली तर बरंच.

१० मार्च

वायरीची दोन्ही टोकं साफ केली. पुन्हा साफ केली. हिने थेंब घातले. मी गालावरच सांडतो म्हणून तीच घालते.

११ मार्च, रविवार

वहिनी साडेआठलाच येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. सामानाची गाडी थेट मैदानावरच घेऊन आल्या. सगळे आले होते. कॉलेजातली पोरगी शेपूट धरून बसली, मी इंजिन सुरू केलं. वहिनींना वायरीचं काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं अशीच पद्धत असते.

धावलं, धावलं, आणि उचललं. सात वर्षांचं काम वीस पावलांत हवेत. पहिली फेरी माझी होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दांडी हलवावी आणि त्याने ऐकावं, सावकाश, ऐटीत, कप्तान ऑफिसला जायचा तसं. उजवीकडून वर घेतलं, वहिनींच्या डोक्यावरून नेलं. खालचे नारिंगी पंख उन्हात असे पेटले. त्या उभ्या राहिल्या. दुसरी फेरीही माझीच. डावीकडे गेलं की ही हळूच सांगायची, "आहे, आहे, येतंय," आणि ते यायचं.

पेट्रोल संपत आलं. उतरवायला घेतलं. शेवटचं वळण डावीकडूनच घ्यावं लागतं, वारा तसा होता. वळवलं आणि ते गेलं. मान वळवली, तिथे नव्हतं. अजून वळवली. आभाळ सगळं निळं, आणि त्यात काही नाही. ही काहीतरी सांगत होती, पण मला कुठे बघायचं ते समजेना. इंजिनाचा आवाज मात्र होता, एकसारखा.

शिकणाऱ्यांना मी सांगतो, कळेनासं झालं की अंगठे उचल. मी दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले. हात छातीशी धरून उभा राहिलो.

आवाज बदलला नाही. हळूहळू बारीक होत गेला, खाली येत गेला, आणि मग ते उजवीकडे दिसलं. गवतावर चाकं टेकलेली, शेपूट खाली, कापसासारखं. थांबलं ते बरोबर वहिनींच्या खुर्चीसमोर.

टाळ्या पडल्या. वहिनी माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शब्द पाळलात." मी कॅशियरकडे पाहिलं. तो खाली मान घालून वायर गुंडाळत होता. गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्हीच उतरवलंत, मास्तर."

मी वायरीकडे बघत "हो" म्हटलं.

नऊ वर्षांपूर्वी मी त्याला हेच म्हणालो होतो, तेव्हा तोही असंच, माझ्याकडे न बघता, "हो" म्हणाला होता. त्यालाही तेव्हाच ठाऊक होतं.